लांबची चुलती

जेलरोड, नाशिक रोड
६ जानेवारी २०२५

ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

आपल्या दिशाला दिंडोरीचं स्थळ आलंय. आलंय म्हणजे काय, मुलगा तिच्याच कंपनीतला. त्यांनी परस्पर जमवलंय, मी आणि पूजानं, आईबापांनी फक्त माना डोलवायच्या. मुलाचं नाव साई. वडील चिमाजीराव, द्राक्षबागायतदार. त्यांचा बंगला बघून आलो. अगं, जिन्याला काच! आणि ही माणसं आता फेब्रुवारीत आपलं घर बघायला येणार.

आपलं घर कसं आहे ते तुला वेगळं सांगायला नको. अण्णांनी प्रेसच्या पगारातून जमेल तशी एकेक खोली जोडली. बाहेर शहाबादी, मधल्या खोलीत मोझॅक, स्वयंपाकघरात तांबडा कोबा आणि कोपऱ्यात ती टाकी घातलेल्या दगडाची खरखरीत मोरी. प्रत्येक दारात वीतभर उंबरा. आजूबाजूला सगळ्या बिल्डिंगा झाल्या, आणि आमच्याकडे कुणी आलं की मी आधी आतले पडदे ओढतो. लाज वाटते, खरंच सांगतो.

म्हणून ठरवलं, घर नवं करायचं आणि आपल्या हातांनी करायचं. मिस्त्री लावला तर दोन दिवस येतो आणि आठ दिवस त्याच्या गावाला कुणीतरी वारतं. मोबाइलवर सगळं शिकवतात हल्ली. ड्रिल मशीन आणलंय. मधल्या खोलीच्या भिंतींना पुट्टी लावून झाली. पूजा म्हणते भिंत देवी येऊन गेल्यासारखी दिसते. तिला त्यातलं काय कळतं!

आता जमिनीचं काम. सगळे उंबरे फोडायचे, सगळ्या खोल्या एका पातळीत आणायच्या आणि वरून लाकडासारखी दिसणारी शीट चिकटवायची. मोरीतला दगड काढून तिथे बेसिन. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत घर एकसारखं! यात आईचीच सोय आहे ना? पण अडून बसलीय ती आईच. मी छिन्नी उचलली की ती उंबऱ्यावर येऊन बसते. 'उंबरा नको काढू, घराला उंबरा पाहिजे,' एवढंच बोलते. का, ते विचारलं तर तोंड मिटून घेते. अंधश्रद्धा, दुसरं काय!

तुझं ती ऐकते. जरा समजाव तिला. आणि जमलं तर पंधरा दिवस घेऊन जा, धूळ फार आहे.

तुझा
ज्ञानू


कळवण
संक्रांत

चि. ज्ञानू,

आज गोड बोलायचा दिवस आहे म्हणून गोडच लिहिते. तू आणि ड्रिल मशीन? अरे, नळाचा वायसर बदलायला गेलास तेव्हा अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं होतंस. पण असो, हौसेला मोल नाही. दिशाचं ऐकून जीव सुखावला. पोरगी गुणाची आहे, कुठेही गेली तरी घर धरून राहील.

आईला आत्ता नाही आणता येणार. कांद्याची लागण चालू आहे, घरात माणसांचा राबता आहे आणि तुझे दाजी कंबर धरून बसलेत. एकाला उठवू की दुसऱ्याला बसवू असं झालंय.

उंबऱ्याचं म्हणशील तर मीही तुझ्याच बाजूची. काल फोनवर तिला म्हटलं, 'आई, लोक चंद्रावर जाऊन बसले आणि तू उंबऱ्यावर बसलीस!' हसली नाही. 'तुम्ही शिकलेले, करा काय ते,' म्हणाली आणि फोन दिशाकडे दिला. म्हातारी माणसं अशीच रे. आमच्या सासूबाईंनी गॅस आला तेव्हा चुलीसाठी उपास धरला होता, शेवटी कुकरच्या शिट्ट्या त्याच मोजायच्या. तू काढ उंबरे. ताईनं सांगितलं म्हण. आठ दिवस धुसफुसेल, मग रुळेल.

पुट्टी दुसऱ्यांदा घासून घे. पूजाचं बरोबर असणार.

ताई


जेलरोड
११ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पूजाच्या हाती देतोय. ती आईला घेऊन येतेय. आधी विचारलं नाही, रागावू नकोस. आई थोडे दिवस राहील तुझ्याकडे. हवापालट.

जमीन झाली. एक सांधा दिसत नाही. म्हणजे कपाटाजवळ थोडी फुगलीय, पण तिथे टेबल ठेवलंय. पाहुण्यांचा कार्यक्रम परवा झाला. छान झाला. स्थळ पक्कं आहे, मे महिन्यात लग्न धरायचं म्हणतात.

आईचं मात्र बिनसलंय. जमीन झाल्यापासून ती पलंगावरून उठेनाशी झाली. उठली तर भिंत धरून चालते, मधेच थांबते. एकदा स्वयंपाकघरात उभी राहून मला विचारते, 'ग्यानू, मी कोनच्या खोलीत हे?' स्वतःच्या घरात, ताई! ताट समोर ठेवलं तरच जेवते. मला वाटतं तिच्या डोक्यावर परिणाम व्हायला लागलाय. या वयात होतं म्हणे. तुझ्या ओळखीचे ते डॉक्टर आहेत ना, त्यांना एकदा दाखव.

मला ऑफिसातून रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो.

ज्ञानू


कळवण
२७ फेब्रुवारी

ज्ञानू,

पूजा आली, आईची पिशवी ओट्यावर ठेवली आणि चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीला गेली. डोळे सुजलेले. काय झालं विचारलं तर म्हणाली, 'ताई, ते त्यांनाच विचारा.' तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आता मी सांगते ते नीट बसून वाच. आपल्या आईच्या डोक्याला काही झालेलं नाही. तिला दिसत नाही.

पहिल्याच दिवशी मी तिच्या हातात कप दिला आणि किटली जवळ ठेवली. तिनं कपाच्या काठावर बोट ठेवलं आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतला. भाजल्यावर बोट काढलं. मी बघतच राहिले. मग तिच्या तोंडासमोर हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही रे तिची.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि कितीतरी वर्षांचा जुना. उजेड-अंधार तेवढा कळतो. जी नजर गेली ती परत यायची नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच रडायला लागले, आणि ही मलाच म्हणते, 'रडू नको, मला ठाव हे कवाचंच.' म्हटलं, अगं मग घरात तू वावरायचीस कशी? भाजी निवडायचीस, देवापुढे दिवा लावायचीस! तर म्हणाली, 'घर पायाला ठाव व्हतं. गुळगुळीत लागलं का मधली खोली. उंबरा आला का डावीकडं दिवा. गार कोबा लागला का चूल. खरखर लागली का मोरी.'

ज्ञानू, तू तिचे डोळे उखडून फेकलेस आणि वरून शीट चिकटवलीस. आणि उखड म्हणून मी सांगितलं. मी! गेल्या दिवाळीत मी तिकडे आले होते तेव्हा तिच्या रांगोळीची रेघ भलतीकडेच गेली होती. मी म्हटलं, 'आई, चष्मा बदल.' ती म्हणाली, 'वारा व्हता.' आणि मी शहाणी, मान्य करून मोकळी झाले. पन्नास वर्षांची बाई मी, आईचे डोळे मला कळले नाहीत. तोंड लपवायला जागा नाही मला.

आता मी तिच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत सुतळी बांधलीय. तुझे दाजी रोज तिला अडखळतात आणि तरी बिचारे काही बोलत नाहीत.

पण एक गोष्ट मला उलगडत नाही. डोळ्यांचं सगळं तिनं सांगितलं. तुझ्या घराचं नाव काढलं की मात्र भिंतीकडे तोंड करून निजते. काल म्हटलं, 'ग्यानूला बोलावू का?' तर झटकन माझा हात धरला, 'नको, नको.' दिशाला फोन केला, तीही म्हणते, 'बाबांना विचारा.' पाहुणे आले त्या दिवशी काय झालं? 'छान झाला' असं लिहिलं होतंस. खरं लिही. एक ओळ जरी लपवलीस तरी मला कळेल.

ताई


जेलरोड
४ मार्च

ताई,

तुझं पत्र दहादा वाचलं. काचबिंदूपर्यंत वाचलं की पुढे जाववत नाही. तुझ्यापुढे उभं राहून हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो. वाचून झाल्यावर फाडून टाक. नाहीतर ठेव, माझी तीच लायकी आहे.

आई घरात चुकायला लागली तेव्हाच मला भीती वाटली होती. पाहुण्यांपुढे काही भलतंसलतं बोलली तर? म्हणून मी त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवलं की माझी आई बहिणीकडे कळवणला असते. आणि आईला सांगितलं, 'पाहुणे जाईपर्यंत मधल्या खोलीतून बाहेर यायचं नाही.' ती बरं म्हणाली. आईला कोंडून मी दारात उभा राहून पाहुण्यांना या या करत होतो.

चिमाजीराव आले, त्यांच्या मंडळी लताबाई, साई आणि साईची एक आत्या. आत्याबाईंनी बसल्या बसल्या सुरू केलं, 'घराण्यात काही आजारबिजार नाही ना? वेडबिड? आम्ही बाई विचारून घेतो.' मी म्हटलं, छे छे. जमीन बघून चिमाजीराव म्हणाले, 'वा, कोणाकडून करून घेतली?' मी म्हटलं, स्वतः केली. छाती अशी फुगली होती माझी.

तेवढ्यात आई उठली. तिला जायचं होतं. पूजा भजी तळत होती, दिशा पाहुण्यांपुढे. हाक कुणाला मारणार? आणि हाक मारायची नाही असा माझाच हुकूम. ती निघाली मोरीकडे. पण आता पायाखाली सगळं एकसारखं. ती उलटी वळली आणि भिंत चाचपत बाहेरच्या खोलीत आली. सगळे गप्प झाले. तिला वाटलं असेल घरात कुणीच नाही. पुढच्या दाराशी मी ती हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई टाकली होती, शोभेला. तिच्या पायाला खरखर लागली. मोरी आली असं समजून ती लुगडं वर घेऊन खाली बसली. सगळ्यांसमोर, ताई.

तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. चटईचं मला तुझं पत्र वाचून कळलं. पण माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही. कुणाचीही म्हातारी असती तरी माणूस धावला असता, चादर धरली असती, आडोसा केला असता. मी जागचा हललो नाही. आत्याबाई 'अगंबाई' करून उठल्या, आणि मी हसलो. हसून म्हणालो, 'लांबची चुलती आहे हो आमची, गावाकडची. डोक्यावर परिणाम झालाय. औषधपाण्यासाठी आणलीय.'

आईनं मान वर केली. माझ्याकडे नाही, जरा बाजूला, पंख्याच्या बटणांकडे तोंड करून म्हणाली, 'व्हय. लांबचीच हे मी. चुकले. जाते.'

दिशा धावली, तिला धरून आत घेऊन गेली. साई उठून बाहेर जाऊन उभा राहिला. लताबाईंनी मला न विचारता आतून पाण्याची बादली आणली आणि ती चटई धुतली. आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी! आणि मी उभा राहून काय विचार करत होतो सांगू? पाण्यानं शीटचा गोंद सुटेल का, हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पूजाला पिशवी भरायला सांगितली. मला एक शब्द बोलली नाही. मीही तिच्या खोलीत गेलो नाही. रजा नाही असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. मी त्या दिवशी घरीच होतो. ती निघाली तेव्हा गच्चीवर जाऊन टाकी धुवत बसलो.

दिशा माझ्याशी बोलत नाही. पूजा कामापुरतं बोलते. कार्यक्रम 'छान' झाला तो असा.

ज्ञानू


कळवण
१० मार्च

ज्ञानू,

तुला शिव्या द्यायला बसले होते. दोन कागद लिहून फाडले. एकात तर अशा शिव्या होत्या की पोस्टमननं पाकीट परत आणून दिलं असतं. अण्णा असते तर त्यांनी तुला त्या ड्रिल मशीनसकट घराबाहेर काढलं असतं. जिनं तुला शाळेत पोहोचवायला स्टेशनापलीकडे पायपीट केली तिला तू लांबची केलीस! कुणासाठी, तर ज्यांच्या जिन्याला काच आहे त्यांच्यासाठी. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस रे.

पण फाडलं ते याच्यासाठी की उंबरे काढ म्हणणारी मी आहे, आणि 'आत्ता नाही आणता येणार' म्हणणारीही मीच. कांदे लागले, आई राहिली. तुझ्यावर हात उगारावा तर आधी माझ्याच गालावर यायचा.

आता ऐक. काल मी तिला स्पष्ट विचारलं. म्हटलं, मला ग्यानूनं सगळं लिहिलंय. ती म्हणाली, 'त्याला लिव्ह, लग्नाला मी येईन. पन लांबची म्हनूनच येईन. मागं बसव म्हनावं. आता एक बोललाय तर फिरवू नको, पोरीचं लगीन मोडंल.' तिला अजून तुझीच काळजी! नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या त्याही मागच्या रांगेतून, उसनी चुलती बनून. आणि 'आई कळवणला असते' असं तू सांगितलंयस, म्हणजे त्यांनी 'आई का नाही आल्या' विचारलं तर आणखी एक खोटं बोलणार. आजारी आहे म्हणशील. उद्या मेली म्हणशील.

मी असं होऊ देणार नाही. दिंडोरीला जा आणि सांग. पूजाला पाठवू नको, फोन करू नको, दिशाला मधे घालू नको. स्वतः जा. लग्न मोडलं तर मोडू दे. खोट्यावर उभं राहिलेलं लग्न पोरीला किती दिवस पुरणार आहे? तू गेला नाहीस तर मी आईला घेऊन जाईन आणि त्यांच्या दारात उभी राहीन. मी बोलते ते करते, तुला माहीत आहे.

ताई


जेलरोड
२१ मार्च

ताई,

जाऊन आलो.

त्यांच्याकडे काढणी चालू आहे. चिमाजीराव बागेत होते. बायका ओळीनं घड कापत होत्या, क्रेट भरत होत्या, ट्रॅक्टर चालूच. मी म्हटलं, 'जरा बाजूला येता का? बोलायचंय.' ते म्हणाले, 'हितंच बोला ज्ञानेशराव, माल थांबत नाय. व्यापाऱ्याची गाडी उभी हे.' लताबाईही तिथेच, डोक्याला फडकं बांधून घड निवडत होत्या. मग काय, तिथेच बोललो. ट्रॅक्टरच्या आवाजात पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून ओरडून सांगावं लागलं, 'त्या दिवशीची ती म्हातारी माझी आई होती!' आणि नेमका तेव्हाच त्या पोरानं ट्रॅक्टर बंद केला. सगळ्या कात्र्या थांबल्या. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

चिमाजीराव शांतपणे म्हणाले, 'ठाऊक हे.'

लताबाई म्हणाल्या, 'अहो, तुमचं नाक एकदा आरशात बघा. तेच नाक त्या माउलीचं. आम्ही काय आंधळे हे का? त्याच दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी ह्यांना बोलले, ही ह्याची आई हे.'

मग मी सगळं सांगितलं. उंबरे, फरशी, काचबिंदू, चटई. उभ्यानंच सांगितलं, बसायला कुणी म्हटलं नाही. लताबाईंचे डोळे भरून आले. चिमाजीराव मात्र तसेच. म्हणाले, 'पोरीत खोट नाय. ती धावली, आम्ही बघितलं. सून म्हनून तिला आम्ही मानानं नेणार, तारीख बदलायची नाय. पन तुमच्यासंगं कसं वागायचं ते माझं अजून ठरंना. आम्ही वाट बघत व्हतो, मानूस येतो का सांगायला. महिना उलटून गेला. बहिणीनं दटावलं नसतं तर आला असता का तुम्ही?'

तुझं नाव मी काढलं नव्हतं, ताई. त्यांनी अंदाजानं म्हटलं आणि नेमकं लागलं. मी नाही म्हणू शकलो नाही.

निघताना लताबाईंनी द्राक्षांचा एक क्रेट गाडीवर बांधून दिला. मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, 'आईंसाठी हे. तुम्ही खाऊ नका यातली.' नाही खाल्ली. उद्या कळवणच्या गाडीनं पाठवतोय. स्वतः आणायला हवा, कळतंय. पण कोणतं तोंड घेऊन येऊ?

घरी आल्यावर पुढच्या दारापासून शीट उपटायला घेतली. निम्मी निघाली, निम्मी फाटली, खालचं सिमेंट वर आलं. पूजानं हातातली छिन्नी काढून घेतली आणि म्हणाली, 'आता पुरे. तुम्ही काहीही दुरुस्त करू नका.' ताई, आईला विचार. ती म्हणेल तसं करतो. उंबरे म्हणाली तर उंबरे, कोबा म्हणाली तर कोबा. या वेळी मिस्त्री लावतो.

ज्ञानू


कळवण
२ एप्रिल

(आई सांगते तसं लिहिते आहे. यात एक शब्द माझा नाही. ताई)

ग्यानू,

द्राक्षं पोचली. लय गोड हेत. तुझ्या दाजीनं निम्मी खाल्ली. तुला शिव्या द्यायच्या व्हत्या त्या तुझ्या ताईनं, साधनानं देऊन टाकल्या, मला ठेवल्याच नाय.

डोळ्याचं मी कोनाला बोलले नाय. बोलले असते तर तुम्ही मला पलंगावर बसवलं असतं. आंधळीला कोन भाजी निवडू देतं? कोन देवापुढं काडी लावू देतं? दिशा सुईत दोरा ओवून द्यायची, तिला वाटायचं आजीचा हात कापतो. मला सांगायची लाज वाटायची. तुला घराची लाज, मला डोळ्यांची. दोघं बी गप बसलो. मी तोंड उघडून म्हनले असते, ग्यानू, उंबरा माझ्या पायाची खूण हे, तर तू फोडला असता का? नसता फोडला. तेवढं माझं चुकलं. ते माझ्याकडं धर.

बाकीचं तुझं.

तू लांबची म्हनला तवा मला राग नाय आला, खरं सांगते. उलटा आडोसा मिळाला. म्हनलं, मी ह्यांची कोनीच नाय, तर ही लाज बी कोनाची नाय. पोरीचं तरी नीट व्हईल. म्हनून व्हय म्हनले. पन एस्टीत बसलो, कंडक्टर आला, म्हनला, आजी, संगं कोन हे? पूजा म्हनली, मी सून हे. तवा मला रडू फुटलं. सून संगं हे आन् पोरगा नाय. कळवण येईस्तोवर रडले. पूजा बी रडली. तिला काय बोलू नको, तिनं मला लय जपलं.

उंबरे बांधू नको. मिस्त्री बी लावू नको, आन् तू तर हात बी लावू नको, तुला येत नाय ते काम. साधनाच्या घरात आले तवा मला काय ठाव व्हतं? सुतळी धरून शिकले. आता सुतळी बी सोडली. तुझं घर बी शिकंन. चुकले तर हाक मारीन. आता हाक मारायची मला लाज नाय, आन् तू मला गप बस म्हनायचं नाय.

तू दिंडोरीला गेला, सांगून आला, ते ऐकलं. बरं केलं. पन बागेत बायांम्होरं सांगितलं ते मी थोडंच ऐकलं? मागं बसीन असं मी साधनाला म्हनले व्हते. आता नाय बसनार. लग्नाच्या दिवशी माझा हात धर. चिमाजीरावाम्होरं ने, लताबाईम्होरं ने, आन् ती आत्याबाई हे ना आजार विचारनारी, तिच्या तर पार जवळ ने. आन् सांग, ही माझी आई. मोठ्यानं सांग. वाजंत्री चालू आसंल, मला ऐकू आलं पाहिजे.

आई